त्यातला एक मावळा तू

दिवाळीची सुट्टी लागली की ठाण्यापासून कल्याणपर्यंत सोसायट्यांच्या आवारात विटा, गोणपाट आणि माती गोळा व्हायला लागते. मोठी मुलं बुरूज रचतात, मधली गोणपाटावर चिखल लिंपतात, धाकट्यांच्या वाट्याला अळीव नि मोहरी पेरायचं काम येतं. चार दिवसांत तटबंदी उभी राहते, पायथ्याशी गाव वसतं, विहीर होते आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजागी ठेवले जातात. महाराज सिंहासनावर, दोन पहारेकरी दारात, एक तोफेपाशी, एखादा तळ्याकाठी. इतकं झालं की किल्ला पूर्ण होतो आणि खेळ तिथेच थांबतो. येणारेजाणारे कौतुक करतात, फोटो निघतात, स्पर्धेचे परीक्षक येऊन जातात. मावळे मात्र किल्ला मोडेपर्यंत आहेत तिथेच उभे असतात.

समजा, घरातलं कुणी मोठं माणूस त्या किल्ल्यापाशी मांडी घालून बसलं, तळ्याकाठच्या मावळ्याकडे बोट दाखवून आठ वर्षांच्या मुलाला म्हणालं, "यातला हा मावळा तू. रात्र झालीय. पलीकडच्या झाडीत काहीतरी हललं. काय करशील?" मुलगा म्हणेल, "ओरडून सगळ्यांना उठवीन." किंवा म्हणेल, "मशाल विझवीन आणि गुपचूप बघीन." दोन्ही उत्तरांनी गोष्ट वेगळ्या वाटेला लागते, आणि ती वाट विचारणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते. रोलप्लेइंग गेम म्हणतात तो इथून सुरू होतो. मुलासाठी असा पहिला खेळ कसा निवडावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे. पुढच्या प्रकरणांत एकेक खेळ उघडून दाखवला आहे; त्याआधी निवडीमागचा विचार इथे सविस्तर मांडतो.

या खेळाचा जन्मही असाच मांडलेल्या शिपायांमधून झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत काही तरुण नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळत. प्रत्येकाकडे एक फौज, आणि ती नियमांप्रमाणे पुढेमागे हलवायची. त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्लीने एकदा वेगळाच डाव मांडला. ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं आणि काही खेळाडूंना फौज न देता गावातली एकेक व्यक्ती दिली: कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई सुरू व्हायची वाट न बघता खेळाडू खोलीच्या कोपऱ्यांत जाऊन आपापसांत सौदे करू लागले, एकमेकांना थापा मारू लागले. वेस्लीला वाटलं, डाव फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा तोच डाव मागितला. त्यांच्यापैकी डेव्ह आर्नेसनने त्यातून ब्लॅकमूर हे आपलं अद्भुत जग रचलं, लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सशी त्याची जोडी जमली आणि १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. आज जगभर मुलं-माणसं ज्याला डी अँड डी म्हणतात तो हाच.

यातली कळीची गोष्ट राक्षस आणि जादूगार नव्हेत. फौज सोडून एका माणसाचं होणं, ही ती गोष्ट. सेनापती पटाच्या वरून बघतो. एकटा मावळा पटाच्या आत असतो, त्याला अंधार लागतो, भूक लागते, मित्राची काळजी लागते. आपल्या मुलांना किल्ल्याची मांडणी अंगवळणी पडलेली आहे. ती आत शिरायच्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांना आत घेणारं कुणीतरी हवं.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण खेळ चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. चालवणारा प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि ते जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हाच फासा पडतो. हरणं-जिंकणं नसतं. सापशिडीतही फासा असतो. तिचा पूर्वज असलेला मोक्षपट आपल्याकडे परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, आणि त्यात तर घराघरांवर गुणदोषांची नावं असत. पण तिथे मूल काहीच ठरवत नाही; फासा नेईल तिथे जातं. बुद्धिबळात सगळं मूल ठरवतं, नशिबाला जागा नाही. इथे आधी मूल बोलतं, मग फासा पडतो आणि त्यानंतर जे होतं ते दोघांनाही नवं असतं.

मुलांना गोष्टीत शिरायला शिकवावं लागत नाही. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात होतो, बाहुला-बाहुलीच्या लग्नात रुसवेफुगवेही होतात. ठाण्यात याचा मोठ्या माणसांनी मनापासून विचार केलेला आहे. 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेला बरोबर घेऊन ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. तिथे वस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यातून नाटिका उभ्या करतात. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मुलाच्या हाती तयार संवाद दिलेला नसतो. रोलप्लेइंग गेममध्ये तर प्रेक्षकही नसतात. तालीम नाही, रंगमंच नाही, चुकलेलं वाक्य नाही. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत झाड होऊन उभं राहणारं मूल चार जणांच्या टेबलाशी बोलतं होताना मी पाहिलं आहे. सगळीच बोलती होतात असा माझा दावा नाही. पण जी होतात त्यांच्यासाठी एवढी सोपी दुसरी जागा मला माहीत नाही.

आता निवडीकडे येतो. पालक विचारतात, "मूल सात वर्षांचं आहे, कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, "चालवणार कोण?" पहिल्या खेळाचं यश मुलाच्या वयापेक्षा यावर जास्त ठरतं. खोक्यावरचं चित्र सुंदर असतं, पुस्तक जाड असतं, आई-बाबा उत्साहाने आणतात आणि पहिल्याच संध्याकाळी वीस मिनिटं पानं उलटण्यात जातात. मूल उठून जातं. दोष ना मुलाचा, ना खेळाचा. चालवणाऱ्याच्या डोक्यात मावणार नाही इतका तो खेळ मोठा होता.

आणि तो डोक्यात मावायला हवा तो मराठीत. या विषयावरची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत, आपल्या भागातली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, म्हणून खेळही इंग्रजीतच चालवावा असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. पुस्तकातला उतारा इंग्रजीत वाचून दाखवला की मुलं वर्गातल्यासारखी उत्तरं देतात: एक वाक्य, बरोबर, संपलं. तोच प्रसंग घरच्या बोलीत सांगितला की हुज्जत घालतात, भाव करतात, वॉचमनकाकांचा आवाज काढतात, राक्षसाला आजीची धमकी देतात. स्पेल, मॉन्स्टर, पॉवर हे शब्द इंग्रजीच राहतील, त्याला हरकत नाही. ज्या भाषेत मूल घरी भांडतं, त्या भाषेत खेळ व्हावा. घरात कोंकणी, गुजराती किंवा तमिळ असेल तर ती. म्हणून माझी कसोटी अशी: ठाण्याहून डोंबिवलीला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये, पुस्तक न उघडता, शेजारच्या माणसाला तुम्ही त्या खेळाचे सगळे नियम सांगू शकता का? उतरण्यापूर्वी सांगून झाले तर तो खेळ घ्या.

या कसोटीला मला सर्वांत नीट उतरलेला खेळ मार्टिन लॉइड यांचा 'अमेझिंग टेल्स'. चार-पाच वर्षांच्या मुलापासून चालतो. मूल आपला नायक ठरवतं आणि त्याला चांगल्या जमणाऱ्या चार गोष्टी सांगतं. सर्वांत चांगली जमते तिला बारा बाजूंचा फासा, मग दहाचा, मग आठचा, शेवटी सहाचा. तीन किंवा जास्त पडलं की जमलं. नियम संपले. यामागचं गणित फार विचारपूर्वक केलेलं आहे. बाराच्या फाशावर बारांपैकी दहा वेळा यश मिळतं, म्हणजे ८३ टक्के. सर्वांत कच्च्या गोष्टीतही सहांपैकी चार वेळा, ६७ टक्के. मूल बहुतेक वेळा जिंकतं, पण दर वेळी फासा थांबेपर्यंत श्वास रोखून बघतं. याउलट डी अँड डीमध्ये वीस बाजूंचा फासा. नवख्या पात्राला एखाद्या कामात अधिक ३ मिळत असतील आणि काम मध्यम कठीण, म्हणजे १५ चं असेल, तर फाशावर किमान १२ पडायला हवेत. ते ४५ टक्केच होतं. मोठ्यांना ही चुरस आवडते. सहा वर्षांचं मूल मात्र निम्म्याहून जास्त वेळा "नाही जमलं" ऐकून हिरमुसतं.

बारा-दहा-आठ बाजूंचे फासे ऑनलाइन मिळतात, पण त्यांच्यासाठी खेळ अडवू नका. एका वाडग्यात एक ते बारा आकड्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात एक ते दहा, तिसऱ्यात आठपर्यंत. सहाचा फासा सापशिडीच्या खोक्यात असतोच. चिठ्ठी उघडताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

अपयश कसं सांगायचं, याला मी नियमांपेक्षा जास्त महत्त्व देतो. समजा, गोष्ट येऊरच्या जंगलातली आहे. बिबट्याचं चुकलेलं पिल्लू आईकडे पोचवायचं आहे, मुलगी म्हणते, "मी पाय न वाजवता जवळ जाते," आणि फाशावर दोन पडतात. "नाही जमलं, आता दुसऱ्याची पाळी" असं म्हटलं की खेळ तिथेच मरतो. "तुझा पाय वाळक्या पानांवर पडला. पिल्लू दचकून झाडावर चढलं, आणि खालून गुरगुर ऐकू येतेय," असं म्हटलं की दोन पडणं हीच संध्याकाळची सर्वांत चांगली गोष्ट होते. मुलीला मग खेळातून उठायचंच नसतं. हे एकदा साधलं की पहिला खेळ कुठला घेतला याला फारसं महत्त्व उरत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावंडं-चुलतभावंडं जमली की अडचण वेगळी येते: एक पाच वर्षांचा, एक आठची, एक बाराचा. अशा घोळक्यासाठी मॉन्टे कुक आणि शॅना जर्मेन यांचा २०१६ सालचा 'नो थँक यू, ईव्हिल!' सुचवतो. त्यात पात्र म्हणजे एक वाक्य. धाकटा म्हणतो, "मी रोबो आहे." मधली म्हणते, "मी विसराळू रोबो आहे." मोठा म्हणतो, "मी भिंतींवर चढणारा विसराळू रोबो आहे." वाक्य जितकं लांब तितके त्या मुलाला लागू होणारे नियम जास्त, पण टेबल एकच. एकत्र कुटुंबांना हे फार उपयोगी पडतं.

मारामारी नको असेल तर 'मॅजिकल किटीज सेव्ह द डे' बघा. मुलं जादूची ताकद असलेली मांजरं होतात आणि प्रत्येक मांजराच्या माणसाची काहीतरी अडचण असते, ती सोडवायची. २०२० च्या खोक्यात एक चित्रगोष्ट आहे, तिची पानं निवडत गेलं की मूल एकटंच नियम शिकतं. डोंबिवलीत जिन्याखाली मांजर नाही अशी इमारत विरळा. गोष्ट तिथूनच उचलावी. उलट मारामारीच हवी असेल, किल्ला आणि मावळे समोर असतील, तर जस्टिन हॅलिडे यांचा 'हिरो किड्स' घ्या. फक्त सहा बाजूंचे फासे लागतात आणि चकमकी नकाशावर होतात. मला स्वतःला त्यात बोलण्याला जागा कमी वाटते.

दहा-अकरा वर्षांच्या वाचणाऱ्या मुलांसाठी 'किड्स ऑन बाइक्स' हा २०१८ चा खेळ आहे. लहान गावातली मुलं, सायकली आणि मोठ्यांना न दिसलेलं रहस्य, एवढंच त्याचं भांडवल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ज्याने वाचला आहे त्याला हे जग समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकन गाव बाजूला ठेवा आणि फुरसुंगी घ्या, नाहीतर ठाकुर्ली घ्या.

डी अँड डी कधी? माझ्या मते बारा वर्षांच्या आसपास, तेही मुलाने स्वतः मागितल्यावर. कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीचा कागद, स्वतः वाचता आणि भरता यायला हवी, आणि बरोबर दोन-तीन मित्र हवेत. मित्र जमत नसतील तर २०१९ च्या 'एसेन्शियल्स किट'मध्ये सोबत्याचे नियम आहेत. चालवणारा एक आणि खेळणारा एक इतक्यावर भागतं. एकुलत्या मुलांच्या आमच्या शहरांत ही मोठी सोय आहे. याच खेळाच्या २०२२ मधल्या 'जर्नीज थ्रू द रेडिएंट सिटाडेल' या कथासंग्रहात मिमी मंडल यांनी बंगाली मुलुखाच्या ओलाव्यातून एक साहस लिहिलं आहे. आपल्या मातीतली गोष्ट या खेळात किती सहज रुजते, हे त्यात दिसतं.

म्हणून जग कुठलं घ्यायचं, याबद्दल थोडं अधिक लिहितो. छापील साहसं चांगली असतात, पण मुलाने कधी न पाहिलेली टॅव्हर्न रंगवण्यात चालवणाऱ्याचा जीव जातो. आपल्याकडे जागांची वाण नाही. कल्याणचंच बघा. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि दुर्गाडीपाशी खाडीकाठी जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते, आणि ते पुढे काम सोडून गेले. एवढ्यात महिनाभराचा खेळ आहे. मुलं सुतारांची पोरं. अर्धवट गलबत खाडीत उभं, आणि रोज रात्री काही फळ्या कमी होतात. कोण नेतं? परका कारागीर मुलांशी मोडक्या मराठीत बोलतो, तो मित्र की कोण? भरतीला किती वेळ आहे? खेळ झाल्यावर मुलांना रिक्षात घालून दुर्गाडीवर न्यावं, खाडी दाखवावी. शाळेच्या पुस्तकातली ओळ ज्याच्या हातून फळ्या सुटल्या त्याला वेगळी वाचता येते.

इथे एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. महाराजांचं पात्र कुणाला देत नाही, आणि तानाजी किंवा बाजीप्रभूंचंही नाही. त्यांचं काय झालं ते ठरलेलं आहे आणि त्यांच्याबद्दलचा आदर खेळताना मुलाचे हात बांधतो. ज्याचं नाव बखरीत नाही तो मावळा, ती गवळण, तो सुताराचा पोर मोकळा असतो. त्याने घाबरावं, चुकावं, शत्रूच्या पोराशी दोस्ती करावी. महाराज गोष्टीत असावेत, पण दूर, गडावर. त्यांच्यापर्यंत निरोप पोचवायचा असावा.

वेळेचं म्हणाल तर पाऊण तास पुष्कळ झाला. मुंबईहून रात्री आठ-साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसाने रोजचा वायदा करू नये. रविवारची एक वेळ ठरवावी आणि पाळावी. गोष्ट ऐन रंगात असताना थांबवावी.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. या खेळाने गणित सुधारतं, इंग्रजी सुधारतं, व्यक्तिमत्त्व विकास होतो असं सांगून तो मुलांच्या गळ्यात घालू नका. आमच्या भागात चित्रकलेचा क्लास होतो, बुद्धिबळाचा होतो, अगदी मोकळं बोलण्याचाही होतो, आणि प्रत्येकाच्या शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र येतं. मुलाला मोठ्या माणसाचा पूर्ण पाऊण तास मिळतो आणि त्या वेळात ते म्हणेल तसं जग हलतं. हे कारण पुरेसं आहे. त्याला फायद्याची जोड लागली की मूल लगेच ओळखतं आणि बरोबर उत्तर शोधायला लागतं.

ही पुस्तिका मराठीत लिहिण्यामागे आणखी एक इच्छा आहे. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. मूळ स्रोताचा उल्लेख केला की ते कुणीही अनुवादित करू शकतं, बदलू शकतं, छापून विकू शकतं. वेगळी परवानगी मागावी लागत नाही. म्हणजे मराठी घरांसाठी, आपल्या खाड्या-डोंगरांवरचा, लहान मुलांना झेपेल इतका खेळ बेतायला कायद्याची आडकाठी नाही. तो करायला लेखक हवेत, चित्रकार हवेत आणि खेळून बघणारी मुलं हवीत. जागाही आहेत: कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीसारखं वाचकांनी गजबजलेलं ग्रंथालय आहे. अशा कुठल्याही ग्रंथालयाने महिन्यातून एका रविवारी एक टेबल आणि सहा खुर्च्या दिल्या तरी सुरुवात होईल. कुणी ते करायला घेतलं तर या पुस्तिकेतली सगळी साहसं त्यांनी खुशाल वापरावीत, बदलावीत, आणि मुलांनी त्यात काय काय बदललं ते मला जरूर कळवावं.